तार, दोन

"तारबाबूंनी तोंडाने एक शब्द सांगितला आणि बोटांनी दुसरा. टेबलावरची कट्ट-कडकट्ट मी स्वतः ऐकली. पोस्टमन कायतान दहा वर्षे तारयंत्राशेजारी बसलेला. त्याला ती भाषा कळत होती. पंच त्यांचेच. चिठ्ठी दाखवा म्हटले तर दाखवली नाही. असा तो सामना पोस्टाने जिंकला."

हे वाक्य न् वाक्य श्री. सामंत यांचे आहे. सामंत कस्टममधून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. ज्येष्ठ नागरिकांच्या स्मरणिकेत त्यांनी ही आठवण छापून आणली आहे. त्यांचे वय झाले आहे. माझेही झाले आहे. परंतु वय झाले म्हणून खोटे खरे होत नाही.

प्रथम सामंतांचे जे बरोबर आहे ते मान्य करतो. टेबल वाजले, हे खरे. माझी बोटे वाजतात. जेवताना ताटाच्या कडेवर वाजतात, कीर्तनात गुडघ्यावर वाजतात. मी बत्तीस वर्षे तारमास्तर होतो. तारेचा संदेश म्हणजे लहान आणि लांब ठोके. डाव्या कानाशी ठोक्यांचा खटका वाजत असतो आणि उजवा हात अक्षरे उतरवीत असतो. ज्याने हे केले त्याची बोटे पुन्हा स्वस्थ बसत नाहीत. कायतानला थोडे ठोके समजत, हेही खरे. उरलेला आरोप मात्र तसा नाही. तारमास्तर नोकरीत शिरताना शपथ घेतो, की तारेतला शब्द ज्याचा त्यालाच मिळेल. चोरून शब्द पोहोचवला, असे तारमास्तराविषयी म्हणणे म्हणजे सोनाराच्या तराजूखाली मेण लावले होते म्हणण्यासारखे आहे.

आता खेळ सांगतो. तो आमच्या किनाऱ्यावर कस्टमच्या एका इन्स्पेक्टरसाहेबांनी आणला. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज होते, त्यामुळे कस्टमला कामही होते आणि दबदबाही होता. रविवारी दुपारी मात्र दोन्ही कचेऱ्या रिकाम्या. वर्षातून अशाच एका रविवारी सामना व्हायचा. आमच्या टपाल वेगळे करायच्या टेबलावर वीस चिठ्ठ्या मांडायच्या. प्रत्येकीवर एक शब्द. आठ चिठ्ठ्या आमच्या, आठ त्यांच्या, चार कोणाच्याच नाहीत. कोणती कोणाची, हे फक्त पंचाला आणि दोन्ही बाजूंच्या 'सांगणाऱ्या'ला ठाऊक. सांगणाऱ्याने एकच शब्द उच्चारायचा आणि एक आकडा. 'पाऊस, दोन' म्हणजे पावसाशी नाते असलेल्या आपल्या दोन चिठ्ठ्या टेबलावर आहेत. 'ओळखणाऱ्या'ने त्या उलटायच्या. दुसऱ्याची उलटली तर ती दुसऱ्याच्या खात्यात. ज्याच्या सात आधी उलटतील तो जिंकला. हरलेल्या बाजूने सोमवारी जिंकलेल्यांच्या दारात येऊन, सर्व गिऱ्हाइकांदेखत, 'हरलो' एवढा एकच शब्द उच्चारून परत जायचे.

पहिल्या वर्षी तो शब्द मी कस्टमच्या दारात उच्चारला. त्याचे कारण सांगण्यासारखे आहे. त्या दिवशी सांगणारा कायतान होता आणि ओळखणारा मी. कायतान म्हणाला, "नुस्तां, एक." मी कचेरीत बसलो होतो आणि कचेरीचीच मराठी माझ्या डोक्यात होती. नुसता म्हणजे ज्यात काही नाही असा. मी 'कोरा' ही चिठ्ठी उलटली. ती कस्टमची निघाली. कायतानने कपाळाला हात लावला.

"बाबू, नुस्तां म्हणजे मासळी. समोर बांगडो आसा, दिसलो नाय तुमका?"

"घरी दिसला असता रे. इथे मी ऑफिसात आहे."

"मगे बांगड्यान काय अर्ज करूचो?"

सामंत तेव्हा पोट धरून हसले. स्मरणिकेत हा प्रसंग त्यांनी गाळला आहे. त्यात पोस्ट हरले होते, म्हणजे फसवणूक दाखवता आली नसती.

त्या पराभवावर मी विचार केला. तार पाठवण्याचा पहिला नियम असा, की आपला हात कितीही जलद असो, पाठवायचे ते समोरच्याला घेता येईल त्या वेगाने. या खेळाचाही तोच नियम. शब्द सांगणाऱ्याच्या डोक्यातून निघून चालत नाही. तो ऐकणाऱ्याच्या डोक्यातून निघावा लागतो. वर्षभर मी कायतानचे डोके शिकलो. 'आवाज' म्हटले की त्याला चर्चची घंटा आठवते, ढोल नव्हे. 'सण' म्हटले की नाताळ आणि गणपती दोन्ही, कारण शेजाऱ्यांचे मोदक त्याच्या घरी जात. 'लांब' म्हणजे तोंडवली गाव, कारण तिथल्या वाळूतून तो टपाल घेऊन चालत असे. दुसऱ्या वर्षी मी सांगणारा झालो आणि आम्ही जिंकलो. सामंत पायरीवर उभे राहून 'हरलो' म्हणाले. इतक्या हळू म्हणाले, की कायतानने विचारले, "सायबानू, कितें म्हटलास? रजिस्टर करूचा आसा काय?"

तिसऱ्या वर्षीचा सामना हा वादाचा. आमचे सब-पोस्टमास्तर प्रभुदेसाई पंच होते. ते लेखी कामाचे भोक्ते. 'माझ्या मनात हेच होते' अशा वादांना कंटाळून त्यांनी एक नियम घातला होता. सांगणाऱ्याने शब्द उच्चारण्यापूर्वी मनातल्या चिठ्ठ्यांवरचे शब्द एका वेगळ्या चिठ्ठीवर लिहायचे आणि ती घडी करून पंचाकडे द्यायची. सामंत ज्या चिठ्ठीविषयी लिहितात ती हीच.

कस्टमच्या सहा झाल्या होत्या. आमच्या पाच. पाळी आमची. आमच्या तीन चिठ्ठ्या उरल्या होत्या: 'सतार', 'पाक' आणि 'आकांत'. दोन हव्या होत्या. या पाळीला मिळाल्या नसत्या तर पुढच्या पाळीला कस्टम जिंकणार हे उघड होते. मी कागदावर लिहिले, घडी केली, पंचांना दिली आणि म्हणालो, "तार, दोन."

इन्स्पेक्टरसाहेब हसले. "तारमास्तरांना दुसरा शब्द सुचला नाही वाटतं."

कायतानने 'सतार' लगेच उलटली. मग त्याचा हात 'पाक'वर आला. तेथे थांबला. पुढे गेला. त्याने 'आकांत' उलटली.

सात झाल्या. पोस्ट जिंकले.

सामंत उभे राहिले. ते कचेरीत प्रमाण मराठी बोलत. रागावले की घरचे बोलत. "ह्या चलाचा नाय. तार आणि आकांत? ह्याचा त्येका लागता खंय? ह्यांनी टेबल वाजवल्यानी. मिया आयकलंय."

कायतान शांतपणे म्हणाला, "सायबानू, तुम्ही तार कधी नेलास कोणाच्या घरात? मी नेतंय. माका पायरीर बघल्यार बायलमाणसा आधी आकांत करतत, मगे तार फोडतत. एकदा पोरगो पास झाल्याची तार होती. वाचून दाखवीसर म्हातारी आडवी."

"आणि पाक कित्याक सोडलंस?" सामंतांनी विचारले. "पाकाक पण तार येता."

"मी काय हलवाई आसंय?"

सगळे हसले. सामंत हसले नाहीत. ते प्रभुदेसाईंना म्हणाले, "चिठ्ठी दाखवा."

प्रभुदेसाईंनी घडी उघडली, वाचली आणि पुन्हा मिटली. मग माझ्याकडे पाहिले. "तारमास्तर, चिठ्ठी तुमची आहे. दाखवू?"

मी म्हणालो, "नको. माझा शब्द पुरेसा आहे."

"पंचांनी चिठ्ठी पाहिली आहे," प्रभुदेसाई म्हणाले. "तक्रार फेटाळली." चिठ्ठी त्यांनी माझ्या हातावर ठेवली.

म्हणजे चिठ्ठी दाखवली नाही, हे सामंतांचे म्हणणे खरे आहे. ती पंचांनी लपवली, हे खोटे आहे. ती मी लपवली. सोमवारी सामंतांनी पायरीवर 'हरलो' म्हटले. गिऱ्हाइकांनी माझी पाठ थोपटली. एका शब्दात सतार आणि आकांत बांधणारा माणूस, असे पुढे कित्येक वर्षे गावात माझ्याविषयी बोलले गेले. मी ते ऐकून घेतले. कायतान निवृत्त होताना म्हणाला, "बाबू, त्या दिवशी तुमच्या मनातला माका बरोब्बर कळला." मी मान हलवली.

तार मी हजारो पाठवल्या आणि हजारो उतरवून घेतल्या. एकही कोणाच्या दारात नेऊन दिली नाही. तो कायतानचा भाग होता. कायतान आता नाही. त्याच्या नावावर चोरून ऐकल्याचा आरोप छापला गेला आहे. म्हणून मी पेटीच्या तळाशी ठेवलेली ती चिठ्ठी काढली आहे. ज्यांना पाहायची असेल त्यांनी माझ्या घरी यावे. सामंतांनी आधी यावे, चहा मिळेल. जो शब्द माझ्या मनातच नव्हता तो मी ठोकणार कसा, याचे उत्तर त्यांनी येताना घेऊन यावे.

चिठ्ठी माझ्या हस्ताक्षरात आहे. तीवर दोन शब्द आहेत: सतार, पाक.