पावइंच मास्तर आणि तीनशे नाकं

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर कपडे शिवायचं एक दुकान आहे. रुंदी आठ फूट, लांबी बारा फूट. मालकाला विचाराल तर तो लगेच दुरुस्ती करील, "आठ नव्हे, आठाला पाव इंच कमी." म्हणून सगळे त्याला पावइंच मास्तर म्हणतात. आईबापांनी ठेवलेलं नाव लग्नपत्रिकेवर एकदा छापून आलं, त्यानंतर ते कुणी वापरल्याचं मला आठवत नाही.

हे नाव पडलं तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. आमची शाळा म्हणजे एक खोली, चार वर्ग आणि एक गुरुजी. गुरुजींनी छडी उगारून विचारलं, "ही छडी किती लांब आहे, सांग बघू." शेजारच्या या पोरानं एक डोळा मिटला, मान वाकडी केली आणि म्हणाला, "दोन फुटाला पाव इंच कमी, गुरुजी." गुरुजींनी फूटपट्टीनं मोजली. खरंच तेवढी भरली. मग त्याच छडीनं त्याला मार बसला, कारण गुरुजी तीन वर्षं ती दोन फुटांची म्हणून सांगत होते.

तर असा हा माणूस. चाळीस वर्षं त्यानं मापाशिवाय कापडाला कात्री लावली नाही. उशीचा अभ्रा शिवायचा असला तरी म्हणे, "उशी घेऊन या." आणि या चाळीस वर्षांत तो फारसा बोललाही नाही. स्वभाव म्हणून नव्हे. त्याच्या ओठांत कायम सहा-सात टाचण्या धरलेल्या असत. गिऱ्हाईक बोले, हा "हं" करी. आम्हाला वाटे, किती गंभीर माणूस!

मग तो साथीचा आजार आला.

पहिल्या आठवड्यात नुसता दूरचा होता. दुसऱ्या आठवड्यात दुकानांतून साबण गायब झाला, मग पीठ, मग मेणबत्त्या. मेणबत्त्या का, ते आजतागायत कुणी सांगू शकलेलं नाही. आमच्या हिनंही दोन डझन आणून ठेवल्या. मी विचारलं, "या कशाला गं?" तर म्हणते, "सगळे घेत होते." समोरचे निवृत्त तारमास्तर रोज सकाळी गॅलरीत उभे राहून बातम्या ओरडत. कारखाने बंद, जहाजं समुद्रात उभी, आता नोटांनी चूल पेटवायची वेळ येणार! ऐकणारे खिडक्या लावून घेत. तारमास्तरांना मात्र कित्येक वर्षांनी काम मिळालं होतं, त्यांची तब्येत सुधारत चालली होती.

औषधवाल्यानं दुकानापुढं दोर बांधला आणि रस्त्यावर खडूनं गोल आखले. प्रत्येकानं आपापल्या गोलात उभं राहायचं. एकदा तिथं विसाव्या गोलातल्या माणसाला शिंक आली. बिचारा घरून मिरपूड कुटून आला होता. पण एका शिंकेत पुढचे एकोणीस गोल रिकामे झाले आणि त्याचा नंबर पहिला लागला. दुसऱ्या दिवशी बघतो तर रांगेत चार जण शिंकत होते.

या धामधुमीत पावइंच मास्तरच्या दुकानाला घरघर लागली. लग्नं पुढं गेली, म्हणजे सूट पुढं गेले. एका नवरदेवाचा कोट अर्धा शिवून टांगलेला होता. त्यानं फोन केला, लग्न सहा महिन्यांनी. मास्तर कळवळून म्हणाला, "लग्न पुढं ढकला हवं तर, पण पोट पुढं ढकलू नका हो!"

वर सरकारी हुकूम निघाला की गरजेच्या वस्तूंचीच दुकानं उघडी राहतील. यादीत दूध होतं, औषध होतं, रॉकेलसुद्धा होतं. शिवणकाम नव्हतं.

वहिनी, म्हणजे मास्तरची बायको, धावतपळत आमच्याकडे आल्या. दारातूनच म्हणाल्या, "भाऊजी, काहीतरी करा. दुकान बंद पडलं तर हे घरी बसतील."

"बसू देत की, वहिनी. जरा आराम."

"आराम? मागं पाय मुरगळला तेव्हा तीन दिवस घरी होते. चौथ्या दिवशी मला सांगतात, तुझी एक भुवई दुसरीपेक्षा वर आहे. छत्तीस वर्षांनी!"

हसलो आम्ही. पण संध्याकाळी मी दुकानात गेलो तेव्हा मास्तर मशीनच्या चाकावर हात ठेवून नुसता बसला होता. म्हणाला, "या वयात शटर एकदा खाली आलं ना, तर परत वर न्यायला माझ्या हातात जोर राहणार नाही रे." त्याला पोरबाळ नाही. हाताखालचा कारागीर पहिल्याच आठवड्यात आपल्या गावी गेलेला. दुकान गेलं असतं तर त्याच्याकडे काय उरलं असतं? एक टेप आणि वहिनींची भुवई.

उपाय मीच सुचवला, आणि पुढं जे घडलं त्याचं अर्धं पाप माझ्या माथी आहे. मी म्हणालो, "मास्क शिव. मास्क गरजेत मोडतो."

दुसऱ्या दिवशी पाटी लागली: 'मास्क शिवून मिळतील. मापाप्रमाणे.'

मी म्हणालो, "मापाप्रमाणे कशाला? दोन कान, एक तोंड. सगळ्यांचं सारखंच."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या आजोबांबद्दल काही वाईट बोललो होतो. "सारखं? तुझं नाक आणि तारमास्तरांचं नाक सारखं?"

आता नाकाचं माप घ्यायचं तर जवळ जाता येईना. त्यानं सहा फुटांवर खडूचा गोल आखला. गिऱ्हाईक गोलात उभं राही, एकदा समोर तोंड करी, एकदा बाजूला. मास्तर हात लांब करून लाकडी पट्टी आडवी-उभी धरी, एक डोळा मिटी आणि आकडे पुकारी. आत वहिनी वहीत लिहून घेत. स्वतःचा मास्क लावल्यामुळं ओठांत टाचण्या धरता येत नव्हत्या, त्या दंडावर बांधलेल्या छोट्या गादीत गेल्या होत्या. चाळीस वर्षांनी मोकळं झालेलं ते तोंड थांबेचना!

"लिही गं! नाकाची उंची दोनाला पाव इंच कमी! मध्ये उंचवटा! हनुवटी आत! गाल उजवा भरलेला, डाव्या दाढेनं चावत नाहीत वाटतं!"

सगळी गल्ली खिडकीत. घरात अडकून पडलेल्या लोकांना याहून मोठी करमणूक कुठली? तारमास्तरांनी तर भांडणच काढलं.

"सव्वादोन? माझं नाक सव्वादोन? पुन्हा मोज!"

"पुन्हा मोजलं तर वाढेल, तारमास्तर. तुम्ही आता रागानं फुगवलंय."

"अरे, आमच्या घराण्यात कुणाचं नाक दोनाच्या वर गेलं नाही!"

"मग तुम्ही घराणं पुढं नेलंत."

तारमास्तर दणदण पाय आपटत गेले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून घ्यायला आले. बायका नवऱ्यांना पुढं ढकलू लागल्या, "अहो, उभे राहा, कळू दे तरी." भावांभावांत पैजा लागल्या. मंगळवारी सकाळी तर दुकानापुढं चाळीसेक माणसं जमली. ज्या आजारात गर्दी टाळायची, त्याचाच मास्क मोजून घ्यायला गर्दी! आणि नेमकी पालिकेची जीप वळणावरून आली.

जीपमधून साहेब उतरले. उंच, किडकिडीत, आणि चेहरा म्हणाल तर वरून खाली बघत जायला वेळ लागावा इतका लांब. मधोमध नाक, तेही गरुडासारखं बाकदार. तोंडाला बाजारचा मास्क होता, पण तो बिचारा त्या नाकावर टिकेना. बोलले की सरके, सरकला की साहेब वर ओढत, ओढला की हनुवटी उघडी पडे. चार दिवसांत साहेबांची झोप झालेली नसावी, डोळे तांबारले होते.

"काय चाललंय हे? दिवसाला किती मास्क शिवता?"

"चौदा," मास्तर अभिमानानं म्हणाला. "पण एकेक असा बसतो—"

"चौदा! माझे झाडूवाले, पाणीवाले, कचरागाडीवाले उघड्या तोंडानं फिरताहेत आणि तुम्ही नाकं मोजताय?" मास्क सरकला, साहेबांनी ओढला. "हे बघा. कापडाचा गठ्ठा पाठवतो. शनिवारी दुपारी बारापर्यंत तीनशे मास्क, सगळे एकाच मापाचे. झाले तर दुकानाला परवाना देतो. नाही झाले तर मी स्वतः शटर ओढून कुलूप लावीन."

मास्तरचा चेहरा पडला. हळूच म्हणाला, "साहेब, एकाच मापाचे म्हणजे... कुणाच्या?"

"कुणाच्याही घ्या हो! माणसाचं माप असलं म्हणजे झालं!"

जीप गेली. कापड आलं. आणि मास्तर कात्री हातात घेऊन बसला तो बसलाच. मंगळवारची दुपार गेली. बुधवारची सकाळ गेली. वहिनी दर तासानं डोकावत. मी माझं तोंड देऊ केलं. तो म्हणाला, "तुझे गाल म्हणजे दोन माणसांचं कापड." वहिनींचं सुचवलं, तर म्हणाला, "तिचं तोंड कुणालाही लावायला द्यायचं नाही."

मी वैतागलो. "अरे गाढवा, साहेब म्हणाले ना, कुणाचंही घे! परवाना त्यांच्या हातात, कुलूप त्यांच्या हातात. तुला पसंती कुणाची पाहिजे?"

तो थांबला. एक डोळा मिटला. तोच, छडीच्या वेळचा. मग कागद पुढं ओढला, एका दमात नमुना आखला आणि कात्री चालू झाली.

त्यानंतर शनिवारपर्यंत आम्ही तिघं यंत्रासारखे राबलो. वहिनींनी कापायचं, मास्तरनं शिवायचं, मी नाड्या उलटवून इस्त्री फिरवायची. माझ्या तीन बोटांना चटके बसले, पण इस्त्री करताना मला राहून राहून नवल वाटे. मास्क होते सुरेख, दोन तुकड्यांचे, मधोमध शिवण. पण ती शिवण पुढं अशी निघालेली की टेबलावर ठेवला तर होडीसारखा उभा राही.

"हे कुणाचं रे तोंड?"

"आहे एका माणसाचं," मास्तर म्हणाला आणि पायमशीन जोरात हाणलं.

शनिवारी पावणेबाराला तीनशेवा मास्क खाली पडला. बाराला जीप. साहेबांनी गठ्ठे मोजून घेतले, मग एक मास्क उचलला, उलटसुलट पाहिला. कपाळावर आठ्या पडल्या. त्यांनी आपला मास्क काढून खिशात टाकला आणि मागं वळून हा नवा बांधला.

बांधला आणि नाकावरून एक बोट फिरवलं.

मग काहीतरी बोलून पाहिलं. सरकला नाही. मोठ्यानं बोलले, मान हलवली, ड्रायव्हरवर उगीच एकदा ओरडले. मास्क जागच्या जागी, जणू नाकावरच उगवला होता.

"वा!" साहेब म्हणाले. "वा! पंधरा दिवसांत पहिल्यांदा माझं नाक आणि हनुवटी एकदम आत आहे. याला म्हणतात सरसकट माप! उगीच घोळ घालत बसला होतात तुम्ही." आणि बॉनेटवर कागद ठेवून परवान्यावर सही केली.

वहिनींनी परवाना दोन्ही हातांनी घेतला. मी नुसता मास्तरकडे बघत राहिलो. तो जमिनीवरचे दोरे वेचत होता.

गंमत सुरू झाली रविवारी. झाडूवाल्या मावशी आल्या, बसक्या नाकाच्या, गोल चेहऱ्याच्या. मास्कचं टोक त्यांच्या तोंडापुढं चोचीसारखं निघालं होतं. "मास्तर, पोरं मला पक्षी म्हणून हाका मारतात!" पाठोपाठ कचरागाडीवाले, पाणीवाले. सगळ्या रस्त्यावर साहेबांचं नाक फिरत होतं. कुणाला ते पुढं येई, कुणाला वर जाई.

मास्तर गडबडला नाही. खडूचे गोल त्यानं आधीच आखून ठेवले होते, दोघांत सहा फूट, एका वेळी पाचच माणसं. प्रत्येकाला गोलात उभं करी, डोळा मिटी, आकडा पुकारी, आणि पाच मिनिटांत मास्क बेतून हातात देई, शिवाय एकही छदाम न घेता.

एक मास्क मी उसवून पाहिला. शिवणीच्या आत दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच कापड जास्तीचं सोडलेलं. याला शिवणकामात माया ठेवणं म्हणतात. पुढंमागं सैल करायला उपयोगी पडते. कोटात ठेवतात, पँटीत ठेवतात. वीतभर मास्कात कुणी ठेवत नाही.

"लबाडा," मी म्हणालो, "तुला पहिल्यापासून ठाऊक होतं हे सगळे परत येणार."

"मला एवढंच ठाऊक होतं," तो म्हणाला, "की तीनशे माणसांचं माप राहिलंय."

आठ दिवसांत दोनशे नव्याण्णव मास्क बेतून झाले. तीनशेवा साहेबांनी ठेवून घेतला होता, त्याला काही करावं लागलं नाही. पण दहाव्या दिवशी जीप पुन्हा दुकानापुढं उभी राहिली. आम्ही घाबरलो. साहेब एकटेच उतरले, इकडंतिकडं पाहिलं आणि खडूच्या गोलात जाऊन उभे राहिले.

"धुऊन वाळायला वेळ लागतो हो. आणखी दोन शिवून द्या." मग आवाज खाली आणून म्हणाले, "माप घ्या हवं तर. पण तेवढं ओरडू नका."

"लागत नाही साहेब," मास्तर म्हणाला. "तुमचं पाठ आहे."