सुकवारो हो म्हणेपर्यंत

विनोदिनीताई माझी सख्खी थोरली बहीण, तरी सांगतो, इतकी हट्टी बाई अख्ख्या रायपुरात सापडणार नाही. रेल्वेच्या मालधक्क्यावर तिनं एकतीस वर्षं कारकुनी केली, आणि निवृत्त झाल्यावर पुन्हा गुढियारीच्या त्याच मालधक्क्यावर जायला लागली, गळ्यात रीळवाला कॅमेरा अडकवून. गोण्या उतरवणारे, झाडणाऱ्या, ठेलेवाले, सगळ्यांचे फोटो काळे-पांढरे. ते धुवायचे बाथरूममध्ये लाल दिवा लावून, आणि तोवर घरच्यांनी आंघोळीला माझ्याकडे यायचं! मी म्हटलं, "ताई, मोबाईलनं काढ ना, रंगीत येतात." तर म्हणते, "रंग दिसला का लोकं लुगडं पाहून राहिले. मले माणूस दाखवाचा आहे."

तिचा एक नियम होता. फोटो आधी ज्याचा त्याला दाखवायचा. तो नको म्हणाला, तर त्याच्यासमोर निगेटिव्ह कात्रीनं कापायची. अशा किती कापल्या! मला तर पाहवत नसे.

यंदा बूढापाऱ्यातल्या एका सभागृहात तिचं प्रदर्शन ठरलं. पहिलंच, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी! समोरची पूर्ण भिंत एकाच फोटोसाठी ठेवली होती. डोक्यावर तांदळाची गोणी, मान ताठ आणि तोंडभर हसू, अशी हमालीण सुकवारो. पंडरीच्या बाजारात कापड मोजण्यात जन्म गेलेला मी, मीसुद्धा त्या फोटोसमोरून हललो नाही. पण फोटो काढल्यावर सुकवारो परराज्यात वीटभट्टीवर कमवायला गेली होती, ती परतली प्रदर्शनाच्या तीन दिवस आधी. ताई लगेच फोटो घेऊन तिच्या खोलीवर निघाली, मी सोबत.

फोटो पाहून सुकवारोचं तोंडच उतरलं. "येमा रंग कहाँ हे, दीदी? मैं मर गे हंव का?"

यात रंग कुठे, मी मेले का, असं ती विचारत होती. तिच्या घरात बिनरंगाचा एकच फोटो होता. वारलेल्या बापाचा, हार घातलेला.

ताईनं पिशवीतून कात्री आणि निगेटिव्ह काढली. मी मध्ये पडलो.

"ताई, काहून कापून राहिली? तिले समजावून तर सांग!"

"काय समजावू? तिचा चेहरा आहे, ती म्हणीन तसं."

कात्री लागणार तोच सुकवारोनं तिचा हात धरला. आपला नकार कुणी इतका मनावर घेईल, हेच तिला खरं वाटत नसावं. मग म्हणाली, "मैं खुद बाजू मा खड़े रइहूं. तब टांगबे." म्हणजे ती जिवंत, शेजारी उभी असेल तरच फोटो टांगायचा. ताई म्हणाली, "हव."

रविवारी अकराला दार उघडायचं होतं. दहा वाजले तरी सुकवारोचा पत्ता नाही. फोटो भिंतीकडे तोंड करून जमिनीवर टेकवलेला. आयोजक काकुळतीला आले, ताई ढिम्म. "नाही आली तर भिंत रिकामी राहीन," एवढंच म्हणाली, पण दर मिनिटाला दारापाशी जाऊन येत होती. मी चरफडत स्कूटर काढली.

गुढियारीत मालगाडी लागली होती. ती लागली की रविवार नाही की सण नाही, ठरल्या तासांत डबे रिकामे व्हायलाच हवेत. मला पाहून सुकवारोनं मान खाली घातली. हमालिणींच्या टोलीतली एक गेली की तिच्या वाटच्या गोण्या बाकीच्यांच्या डोक्यावर येतात, म्हणून टोली दोनच कारणांसाठी सोडते, लग्न आणि मरण. जिवंतपणी शेजारी उभं राहायचं, ही फोटोची अट मी सगळ्यांना सांगितली, तरी कुणी हलेना.

"तिच्या गोण्या मी उचलतो!" मी ओरडलो. नुसता ओरडलो नाही, एक गोणी पाठीवर घेतलीसुद्धा, आणि दुसऱ्याच पावलाला गोणीसकट खाली बसलो. बाया हसून हसून बेजार झाल्या. टोलीची म्हातारी मुकादम डोळे पुसत म्हणाली, "मरनी बर छुट्टी देथन, त जीयत बर काबर नइ देबो? जा टुरी!" मरणाला सुट्टी देतो, तर जिवंत माणसाला का नाही द्यायची? जा पोरी! अशी भारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

सुकवारो तशीच, धुळीनं माखलेली, माझ्यामागे बसली. आयुष्यात इतक्या जोरात मी स्कूटर कधी हाकली नव्हती, आणि ही मागून अजून जोरात म्हणून ओरडत होती!

सभागृहात लोक जमले होते. तिनं कुणाकडे पाहिलं नाही. फोटो उलटला, एकटीनं उचलला आणि खिळ्याला अडकवला. मग चार पावलं मागे सरून पाहत राहिली.

"बने हे," सुकवारो म्हणाली. छान आहे.

आईच्या मरणातही जिनं डोळ्याला पदर लावला नव्हता, ती माझी बहीण सगळ्यांसमोर हमसून हमसून रडली. मीही रडलो, त्यात लाज कसली! इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. तेवढ्यात एका पाहुण्यानं फोटोकडे बोट दाखवून ताईला विचारलं, "ये कौन है?"

सुकवारोनं ताईला बोलूच दिलं नाही. ती फोटोशेजारी जाऊन ताठ उभी राहिली.

"मैं," ती म्हणाली. "मैं सुकवारो."