पंधरापैकी पंधरा

आमच्या नारिन गावच्या दवाखान्यात डोक्याला मार लागलेल्यांचा तक्ता आणला तो बुरुलचा नावाच्या नर्सनेच. त्याआधी ‘घोड्यावरून पडला’ एवढं लिहिलं की झालं. पुढे पेशंट आणि त्याचं नशीब. आता दर अर्ध्या तासाने पेशंटला नावाने हाक मारायची, त्यालाच त्याचं नाव विचारायचं, आणि डोळे, बोलणं, हालचाल बघून पंधरापैकी गुण मांडायचे; पंधरा म्हणजे पूर्ण शुद्धीत. नव्या पोरींना ती बजावायची, “काका-मामा करू नका ग. काका म्हटलं की अर्धं गाव ‘ओ’ देतं!”

त्या शनिवारी दुपारी कोकबोरूच्या मैदानातून, म्हणजे एका बोकडासाठी घोडेस्वार एकमेकांवर तुटून पडतात तिथून, एक म्हातारा आणला. तो तिचा सासरा ताशतेमिर निघाला. आमच्याकडे सून सासऱ्याचं नाव घेत नाही, त्याला ते विचारणं तर दूरच. बुरुलचाने एकवीस वर्षांत घेतलं नव्हतं. ‘ताश’ म्हणजे दगड, म्हणून अंगणातल्या दगडालाही ही बाई ‘कठीण’ म्हणायची! आणि आता उशाशी सासू ठाण मांडून बसलेली.

“आताके, बरं वाटतंय ना?” सासऱ्याला ती बाबा म्हणावं तसं आताके म्हणायची.

“हं,” म्हातारा म्हणाला. तिने पंधरा लिहिले. अर्ध्या तासाने पुन्हा “हं”, पुन्हा पंधरा. दुसरी नर्स रजेवर, हाक मारायला सांगावं तर कुणाला? डॉक्टरांनी तक्ता पाहिला, “उत्तम. स्कॅन सावकाश करू,” म्हणाले आणि पलीकडच्या खोलीत गेले.

तिसऱ्या वेळी म्हातारा घोरत होता.

“झोपू दे ग, दमलेत,” सासू म्हणाली.

डोक्याला मार लागल्यावरचं घोरणं म्हणजे झोप नव्हे, हे बुरुलचाला ठाऊक होतं. डॉक्टरांना बोलवावं तर दोन्ही पंधरा उघडे पडणार. हाक मारावी तर समोर सासू. इकडे आड, तिकडे विहीर, आणि गप्प राहावं तर माणूस जाणार. तिला भयंकर भीती वाटली.

“ताशतेमिर!” ती ओरडली. “ताशतेमिर, डोळे उघडा!”

सासूने डोक्यावरचा रुमाल घट्ट धरला. म्हाताऱ्याने डोळे उघडले नाहीत.

डॉक्टर धावत आले. “अहो, आत्ता तर पंधरा होते!”

“खोटे आहेत. मी नाव विचारलंच नव्हतं.”

डॉक्टरांनी पलंग स्कॅनकडे ढकलायला घेतला. तिने दोन्ही पंधरांवर रेघ मारली, शेजारी ‘विचारले नाही’ लिहून सही केली आणि पलंगामागे धावली. दाराशी सासूने तिचा हात पकडला. आता बोलणी बसणार म्हणून तिने मान खाली घातली.

“थांबलीस का? मार ना हाक,” सासू रडत म्हणाली. “माझ्या तोंडून ते नाव निघत नाही ग.”