सोडलेल्या चार ओळी

"ऱ्हाऊ द्या, जागा सोडते," असं म्हणून बाई वहीत चार ओळी कोऱ्या सोडायच्या आणि पेन्सिल अंबाड्यात खोचायच्या. समोरचा खोटं बोलतोय असं वाटलं की हे ठरलेलं. वाद नाही, उलटतपासणी नाही. त्या खोलीत तुम्ही असतात तर पेन्सिल अंबाड्यात जाताना बघून तुमची मान खाली गेली असती. माझी जात नसे. मला राग यायचा.

उस्मानपुऱ्यात एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत आमच्या प्रतिपालक पालकांच्या संघटनेची बैठक भरायची, ती बाई चालवायच्या. दत्तक नव्हे, रक्ताचं कुणी सापडेपर्यंत बालकल्याण समितीने सांभाळायला दिलेली मुलं. आमच्याकडे सोनी होती, सहा वर्षांची. संघटनेत नाव घातलं ते बायकोने. मी नुसता सोबत जायचो, दाराजवळ बसायचो.

बाईंकडे प्रत्येक मुलाची एक वही. काय खातं, कशाला भितं, कोणत्या कुशीवर झोपतं. माझी नोकरी सरकारी कचेरीत, जुन्या नोंदी काढून देण्याची. लिहिलेलं एक दिवस माणसावर उलटतं, हे मी रोज बघतो. त्यात एका सोमवारी बाई त्या वह्यांची पिशवी घेऊन समितीच्या कार्यालयाच्या पायऱ्या चढताना दिसल्या. मी मनात म्हटलं, सापडली.

माणसाला हसवून काढून घेण्याची त्यांची रीत तर मला आणखीच खटकायची. एका रिक्षावाल्याने सांगितलं, पोरगं चावलं.

"कुठं? दाखवा."

त्याने दंड पुढे केला.

"दात तर सरळ हायेत की ओ. नशीब काढलं. आन् आधी तुम्ही काय केलं व्हतं?"

"मोबाईल हिसकला त्याचा," तो हसत हसत सांगून मोकळा झाला. बाईंनी तेही लिहिलं. असा गळाला लागतो माणूस, मी बघत राहिलो.

आता माझं सांगतो. बायको अजिंठ्याला माहेरी गेली होती. दुपारी सोनीने ताट भिरकावलं. मी तिला न्हाणीघरात ढकललं, बाहेरून कडी घातली. चहा केला, प्यालो, मग दार उघडलं. ती रडत नव्हती. भिंतीकडे तोंड करून उभी होती. तेव्हापासून घरातलं कुठलंच दार ती लावू देईना.

बायकोला कारण माहीत नव्हतं. पुढच्या बैठकीत ती हे सांगून बसली.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"पहिल्यापासून," मी घाईने म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ऱ्हाऊ द्या साहेब, जागा सोडते."

त्याच दिवशी मी जिन्यात चौघांना गाठलं. बाई खबरी आहे, वह्या समितीत जातात, उद्या मुलं काढून घेतील. चारही घरं यायची थांबली, रिक्षावालाही. बाईंच्या कानावर गेलं असणारच. पुढच्या वेळी चहा देताना एवढंच म्हणाल्या, "जिन्यात लई येळ उभं नका ऱ्हाऊ. पाय दुखत्याल."

मग कन्नडला सोनीची मावशी सापडली. निरोपाच्या दिवशी समितीच्या व्हरांड्यात बाईंनी सोनीची वही मावशीच्या हातात ठेवली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून स्वतःच वाचू लागल्या. "भाकरीचा पापुद्रा आधी खाती. वेणी घालताना बोलत ऱ्हायचं, न्हाय तर दचकती." वही मुलासोबत पुढच्या घरी जायची, एवढंच होतं. त्याची परवानगी मिळावी म्हणून बाई सोमवारचे खेटे घालत होत्या. हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

"दार लावलं की..." बाई थांबल्या.

"दाराचं काय?" मावशी म्हणाली. "मी कारखान्यावर जाते. घर रस्त्याला लागून. कडी घालूनच जावं लागंल."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी सोनीच्या पिशवीचा बंद आवळत बसलो.

"इथं जागा सोडलीया," त्या मावशीला म्हणाल्या. "हे साहेब येऊन भरत्याल. तवर कडी नका घालू."

मी गेलो नाही. तिसऱ्या आठवड्यात बाईच गेल्या, हार्ट अटॅकने. शिंप्यावरच्या खोलीत सगळे जमले. ती चार घरंसुद्धा. रिक्षावाला माझ्या शेजारी बसला. "साहेब, तुमचं ऐकून मी आलोच नाय बघा इतके दिवस." त्याच्या आवाजात दोष नव्हता. असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी एसटीने कन्नड गाठलं. जाण्याआधी बायकोला सगळं सांगितलं. ती सोबत आली नाही. मावशीचं दार उघडं होतं, बाहेरच्या कडीवर धूळ बसली होती.

"बाई म्हणल्या व्हत्या तुम्ही येणार," मावशी म्हणाली. "तवर पोरीला शेजारणीकडं ठेवते, घरावरबी तीच ध्यान ठेवती. रोज वाट बघितली तुमची."

मी वही मागितली. पेन्सिलनेच लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. सोनी उंबऱ्यावर बसून ऐकत होती. मावशीने वही माझ्या हातातून काढून घेतली.

बाईंनी चार ओळी सोडल्या होत्या. मला अडीचच लागल्या.