घमेलं, मोटारसायकल आणि वाशीमची एक फेरी

त्या सकाळी अंगण झाडून, सडा टाकून झाला होता. म्हशीखालचं शेण काढून घमेलं धुतलं आणि रोजच्यासारखी यांची मोटारसायकल स्टँडवर उभी करून सुरू केली. हे गेले त्याला तीन वर्षं झाली. मला गाडी चालवता येत नाही, पण बॅटरी बसू नये म्हणून रोज पाच मिनिटं इंजिन चालू ठेवते. ती पाच मिनिटं मी मागच्या सीटवर, एका बाजूला पाय सोडून बसते. हे कोणाला सांगितलं नव्हतं. अंगणाला चारी बाजूंनी भिंत आहे. वरून नाही, हे त्या दिवशी लक्षात आलं.

डोक्यावर मोठ्या गांधीलमाशीसारखी घरघर झाली. आमच्या किन्हीराजात मागच्या पावसाळ्यात फवारणीचा ड्रोन दाखवायला आणला होता, त्यामुळे ड्रोन म्हणजे औषध, एवढंच आमचं ज्ञान. शेजारच्या शांताबाई गच्चीवरून ओरडल्या, "फवारा आला वं, पापड झाका!" गल्लीभर चादरी, लुगडी, सतरंज्या निघाल्या. मी घमेलं डोक्यावर पालथं घातलं आणि होते तिथेच बसून राहिले. वैशाखात रिकाम्या वावरात कोण काय फवारणार, हे नंतर सुचलं.

दुपारी शांताबाईंनीच बातमी आणली. ड्रोन समोरच्या घरच्या लग्नाचा होता. वाशीमच्या फोटोवाल्याने वरून शूटिंग केलं, लग्नात मोठ्या पडद्यावर दाखवणार, आणि त्यात मी आहे, बिनाड्रायव्हरच्या गाडीवर घमेलं घालून. नवरीच्या भावाला तो तुकडा फार आवडला म्हणे. लग्न चार दिवसांवर होतं. लोक हसतील याचं मला काही नव्हतं. पण ती पाच मिनिटं माझी आणि यांची होती, पंगतीत वाढायची नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळीच वाशीम गाठायचं ठरवलं.

तुम्हाला जायचं असेल तर सांगते. किन्हीराजाहून जऊळक्याला काळीपिवळी मिळते. ती भरल्याशिवाय हलत नाही, आणि शेवटचं माणूस "आलोच" म्हणून चहाला गेलेलं असतं. जऊळक्याहून रेल्वे. गाड्या मोजक्याच, वेळ आधी विचारून घ्या, पाणी घरचं न्या.

गाडीत मी मोबाईलवर ड्रोनचे नियम वाचत बसले. माझी शाळा चौथीपर्यंत, पुढचं वाचन किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवर झालं. नियमांत नकाशाचा लाल, पिवळा, हिरवा भाग होता, ड्रोनला नंबर होता, किती उंच उडवायचा तेही होतं. विमानाची काळजी चोख घेतलेली. बाईच्या अंगणाचा रंग कोणता, ते मला काही सापडलं नाही. समोरच्या सीटवरच्या बाईंनी सांगितलं, त्यांच्या दिराने ड्रोनवर गोटा भिरकावला तर तो चुकून त्याच्याच सासऱ्याच्या टिनावर पडला. म्हणजे तो उपायही बाद.

वाशीमच्या बाजारात आधी आलूबोंडा खाल्ला. चांगला होता, चटणी जपून घ्या. मग स्टुडिओ शोधला. फोटोवाले प्रकाशभाऊ चाळिशीचे, बोलायला मऊ, पण सोडायला तयार नाहीत.

"काकू, ड्रोन माहा, परवाना माह्याजवळ, आभाळ सरकारचं. अन् तुमचा चेहरा तं दिसूनच नाही राह्यला."

"गावाले घमेलं ओळखू येते, भाऊ."

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. भाऊंनी, तुम्हीच पाहा म्हणून, मोठ्या स्क्रीनवर तुकडा लावला. गल्लीत बायका पळत होत्या. शांताबाई पापड सोडून स्वतःलाच सतरंजीत गुंडाळून उभ्या होत्या. सगळे हसलो, मीही. मग आमचं अंगण आलं. डाव्या हाताने मी घमेलं धरलं होतं. उजवा हात पुढे, हवेत, काहीतरी धरल्यासारखा. मला माहीतच नव्हतं.

"हा हात काहून असा?" भाऊंनी विचारलं.

"तिथं ह्यायचा खांदा असते."

भाऊंनी स्क्रीन गिऱ्हाइकांकडून माझ्याकडे वळवली. मी अजून एकदा पाहिलं आणि आमच्या अंगणापुरतं पुसा म्हटलं. त्यांनी कॉम्प्युटरमधून, कार्डातून, फोनमधून पुसलं आणि रिकामी जागा मला दाखवली. नवरीच्या भावाला कार्ड बिघडलं म्हणून सांगतो, म्हणाले. मी म्हटलं, खोटं कशाला, काकू नाही म्हणाल्या म्हणून सांगा.

लग्नाच्या दिवशी उडवू की नको, त्यांनी मग घाबरत विचारलं. त्यांचं पोट त्यावर आहे, आणि खरं सांगायचं तर गाव वरून देखणं दिसतं.

"उडवा ना. पण आधी सांगा. ज्याले झाकाचं तो झाकीन, ज्याले हात दाखवाचा तो दाखवीन."

परत एसटीने आले, आमच्या तालुक्याच्या मालेगावला गाडी बदलून. आम्हा बायकांना अर्धं तिकीट आहे, उभं राहणं मात्र पूर्ण. शांताबाई दारातच थांबल्या होत्या. माझ्यासोबत त्यांचाही तुकडा पुसला गेला असेल, या धास्तीने त्या दिवसभर जेवल्या नव्हत्या. तुमचा आहे म्हटल्यावर जेवल्या.

या फेरीतून माझ्याकडे काय राहिलं? व्हिडिओ नाही. पण तो हात कुठे जातो, ते आता मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी पाच मिनिटं चालू ठेवली आणि मग ग्रामपंचायतीत जाऊन अर्ज दिला: गावात ड्रोन उडवायचा असेल, तर आधी गल्लीत येऊन सांगावं.