आईचा हात आणि वरची फळी

माझ्या आईच्या अंगात देवी मी आणली. तेही मी विज्ञानाचा पदवीधर असताना.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी आणि आई, दोघंच, जोगेश्वरीच्या चाळीत राहायचो. आईचं छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि उजवा हात खांद्याच्या वर जाईना. इस्पितळातल्या बाईंनी हलका व्यायाम शिकवला. डोळे मिटायचे, श्वास घेत भिंतीवरून बोटं हळूहळू वर चढवायची, सोडताना "हुंऽऽऽ" करायचं. मन शांत ठेवायचं. (आमच्या चाळीत!)

आईचं ध्येय एकच. वरच्या फळीवरची मालवणी मसाल्याची बरणी! ऑपरेशनपासून कालवण मी करत होतो आणि ते मांजरानेही नाकारलं होतं.

"बरणी खाली काढून ठेवू का गं?"

"हात लावू नको! माझो हात थंय पोचाक व्हयो."

शिवाय रोगाचं नाव चाळीत कळायला नको होतं. "कळला तर आपल्याकडचा पाणी पण कोण पिवचा नाय," ती म्हणाली. लोक तेव्हा खरंच घाबरायचे. म्हणून शेजारच्या राणेकाकूंना मी गुळमुळीत सांगितलं, "मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी आमच्याकडे कोणी येऊ नका हं. आईला त्या वेळी हात लावायचा नसतो."

(त्या दोन दिवशी माझ्या तात्पुरत्या नोकरीत दुपारची पाळी असायची, म्हणून व्यायाम मी करून घ्यायचो. एवढंच हो!)

राणेकाकू "बरं" म्हणाल्या आणि लगेच शुक्रवारी खिडकीच्या फटीला डोळा लावला. आत आई केस मोकळे सोडून (वेणी घालायला हात कुठे पोचत होता!), डोळे मिटून, एक हात वर नेत घुमत होती.

मंगळवारी दारात पाच बायका. नारळ, ओटी, हळदकुंकू!

"आई, माझ्या सुनेला मूल होईल ना गं?"

"हुंऽऽऽ," आईने श्वास सोडला.

"हो म्हणाली!"

वाट लागली! मी ओरडलो, "अहो, हा व्यायाम आहे!"

"व्यायाम? केस सोडून? मंगळवारी? गप रे, कोपेल ती!" राणेकाकूंनी मान धरून मलाच आईच्या पायावर घातलं.

मग रांग जिन्यापर्यंत गेली. बोलायला लाजणाऱ्या बायका ताटात चिठ्ठ्या ठेवू लागल्या. धुपाने आईला खोकला आला, तर देवी रागावली म्हणून सगळ्या आडव्या! या गोंधळात तीन आठवडे गेले आणि बोटं काही कानाच्या वर सरकेनात. एका दुपारी आई भिंतीला टेकून रडली. "माझो हात असोच रवतलो रे." मला स्वतःची फार लाज वाटली.

पुढच्या शुक्रवारी ऐन आरतीत तिने डोळे उघडले.

"राणेबाय, माझ्या अंगात देवी नाय गो. माका कॅन्सर झालो हा."

राणेकाकू उठल्या. संपलं, मी म्हटलं, आता चाळ तुटली. काकू सरळ आमच्या माठाकडे गेल्या, पेलाभर पाणी घटाघटा प्यायल्या आणि आईवर डाफरल्या, "आधी सांगायला काय झालं होतं? सहा नारळ फोडले मी! ए, तो धूप विझवा गं! आणि मला दाखव, बोटं कशी चढवायची. माझाही खांदा धरलाय."

तेव्हापासून मंगळवारी-शुक्रवारी पाच बायका भिंतीला तोंड करून "हुंऽऽऽ" करायच्या. नवा पोस्टमन पत्रं जिन्यातच ठेवून पळाला.

एका शुक्रवारी मी दाढी करत होतो. आतून आई किंचाळली, "गावलीऽऽ!"

धावलो. तिने बरणी छातीशी धरली होती. तोंडावरच्या साबणासकट मी रडलो. बायकाही रडल्या. तेवढ्यात आईने बरणीखालून निघालेली चिठ्ठी उलगडली आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली.

"देवी आई, माझी नोकरी कायम होऊ दे." तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "ह्या अक्षर कोणाचा रे?"

ताटात ठेवायची लाज वाटली, म्हणून मी ती तिचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवली होती.

"आणि आम्हाला सांगत होता व्यायाम आहे!" राणेकाकू म्हणाल्या.

आईने डोळे मिटले, हात सावकाश वर नेला आणि श्वास सोडला, "हुंऽऽऽ."

पुढच्याच महिन्यात मी कायम झालो. विज्ञानाचा पदवीधर असल्यामुळे हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.