दुसऱ्या ठोक्यावरची टाळी

डार्मश्टाटला नोकरी करत असताना ऑफिसातल्या एका जर्मन मित्राने मला एकदा चर्चमधल्या गाण्याच्या तालमीला ओढून नेलं. शिकवायला साठीची एक काळी अमेरिकन बाई होती. आल्या आल्या तिने बूट काढून खिडकीत ठेवले आणि त्या थंडगार फरशीवर अनवाणी उभी राहिली.

गाणं बायबलमधल्या मोझेसचं होतं. समुद्र दुभंगतो आणि गुलाम चालत पलीकडे जातात. मी आरतीच्या सवयीने समेवर दणकून टाळी दिली. गंमत म्हणजे सगळ्या जर्मनांनीही तिथेच दिली!

बाईने हात वर करून गाणं थांबवलं.

“माझी पणजी गुलाम होती. पहिल्या ठोक्याला शेतात कुदळ पडायची. तो ठोका मालकाचा. दुसरा आमचा. टाळी तिथे द्या!”

पुन्हा सुरू केलं. चाळीस जणांची टाळी दुसऱ्या ठोक्यावर पडली आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

“गेनाऊ! अगदी बरोबर!” बाई नाचतच ओरडली. “आता निघाले गुलाम समुद्रातून! इतका वेळ काठावरच उभे होते!”

त्या वर्षी घरच्या गणपतीच्या आरतीतही माझी टाळी दुसऱ्याच ठोक्यावर पडू लागली.

“अहो, ताल!” बायको कुजबुजली.

मला थांबताच येईना.